पहिलं वर्ष तालुक्याला, दुसरं कोल्हापूर-पुण्याला: दाखला सर्वांत शेवटी काढा

दरवर्षी जुलैत आमच्या कॉलेजच्या ऑफिसात दोन-तीन मुलं परत येतात. महिन्यापूर्वीच त्यांनी कॉलेज सोडल्याचा दाखला काढून नेलेला असतो. "सर, पुण्याला जागा नाही म्हणाले, परत घ्या." तोवर इथली यादी विद्यापीठाला गेलेली असते आणि प्रवेशाची मुदतही संपलेली असते. मुलगा हुशार, मार्क चांगले, घरच्यांनी पैशाची जुळवाजुळव केलेली, आणि तरीही वर्ष वाया जातं. कारण एकच, कामं उलट्या क्रमाने झालेली असतात.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिकवतो आणि बरीच वर्षं प्रवेश समितीवर आहे. पहिलं वर्ष घराजवळ करून पुढे मोठ्या ठिकाणी जाण्याचा बेत मला मनापासून पटतो. विट्याच्या, वाईच्या, फलटणच्या किंवा जतच्या मुलाला अठराव्या वर्षीच खोलीभाडं आणि खानावळीचा खर्च अंगावर घ्यावा लागत नाही. घरी राहून अभ्यासाला बसायची सवय लागते, मार्क सुधारतात. पण हा बेत पार पडतो तो कागदांवर. हा लेख बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी आहे. इंजिनिअरिंग आणि फार्मसीवाल्यांची वाट निराळी आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

## टप्पा १: आपली वाट कुठली ते आधी ठरवा

मुलं म्हणतात, "दुसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचंय." इथेच पहिला घोळ होतो. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ असो की पुण्यातलं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, त्यांच्या मुख्य आवारात मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. असे पदव्युत्तर विभाग आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही जाता ते त्या विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात. खुद्द आवारात शिकायची इच्छा असेल, तर त्याचा रास्त रस्ता पदवीनंतरचा आहे.

म्हणजे वाटा तीन:

१. विद्यापीठ तेच, कॉलेज दुसरं. उदाहरणार्थ तासगावहून कोल्हापूर. ही सगळ्यांत सोपी वाट.

२. विद्यापीठच दुसरं. उदाहरणार्थ कराडहून पुणे. या वाटेवर कागद जास्त, मुदती जास्त आणि विषय जुळवण्याची कटकटही जास्त.

३. पदवी इथेच पूर्ण करून एम.ए., एम.एस्सी.ला विद्यापीठाच्या विभागात जायचं.

आपण पहिल्या वाटेवर आहोत की दुसऱ्या, हे अंतरावरून ठरवू नका. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाकडे आहेत. शिरवळच्या पुढे नीरेचा पूल ओलांडला की विद्यापीठ बदलतं. आटपाडीहून सांगोला जवळ आहे, पण सांगोला सोलापूर विद्यापीठात येतं. जतच्या मुलाला विजयपूर जवळ वाटतं, पण तिथे तर राज्यच बदलतं.

सर्वांत जास्त चूक मात्र सातारा शहरात होते. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन कॉलेजं मिळून आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे. तिथला विद्यार्थी कोल्हापूरच्या कॉलेजात गेला, तर तो विद्यापीठ बदलतो. थोरल्या भावाने याच कॉलेजातून शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली असेल, पण तो नियम आता तुम्हाला लागू नाही.

तपासा: पहिल्या सत्राची गुणपत्रिका काढा आणि सगळ्यांत वर छापलेलं विद्यापीठाचं नाव वाचा. मग ज्या कॉलेजात जायचं आहे, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरचं नाव वाचा. नावं एकच असतील तर पहिली वाट, वेगळी असतील तर दुसरी.

आणखी एक पेच आहे. विद्यापीठ एकच असूनही एक कॉलेज स्वायत्त असू शकतं. कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज किंवा कोल्हापूरचं विवेकानंद कॉलेज स्वायत्त आहे. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या. अशा ठिकाणी जाताना कागद पहिल्या वाटेचे लागतात, पण विषय जुळवण्याचं काम दुसऱ्या वाटेइतकंच करावं लागतं.

## टप्पा २: पहिल्या वर्षाचे विषय पुढचं कॉलेज पाहून घ्या

हा टप्पा बारावीच्या निकालानंतर लगेच येतो. मुलं इथे येतात ती "मित्राने घेतले ते विषय मीही घेतले" असं सांगत. दुसऱ्या वर्षी हेच विषय आडवे येतात.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली, स्वायत्त कॉलेजांत त्याआधी एक वर्ष. अभ्यास आता क्रेडिटमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या तासांवरून ठरलेल्या एककांत मोजतात. एका वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. हे क्रेडिट वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेले असतात. मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम म्हणजे मायनर, मग खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि एनएसएस किंवा खेळासारखे उपक्रम.

कॉलेज बदलताना अडतं ते मेजरवर. दुसऱ्या वर्षी जो मेजर घ्यायचा आहे, तो विषय पहिल्या वर्षी दोन्ही सत्रांत शिकलेला असायला हवा. भूगोल घेऊन पुण्याला जायचं मनात असेल आणि इथल्या कॉलेजात भूगोलच नसेल, तर दुसऱ्या वर्षी तिथे काहीही होणार नाही. म्हणून:

- पुढच्या दोन-तीन कॉलेजांची यादी आताच करा. एकाच नावावर अडून बसू नका.
- त्यांच्या संकेतस्थळावरून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या.
- जो मेजर हवा आहे, तो इथे पहिल्या वर्षाला मिळतो का, ते विषयाच्या शिक्षकांना विचारा. प्रवेशाच्या खिडकीवर गर्दीत मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका.
- खुला ऐच्छिक आणि कौशल्याचा विषय निवडताना फार डोकं खपवू नका. हे विषय प्रत्येक कॉलेजात वेगळे असतात आणि त्यांची जुळणी बहुधा निभावून नेता येते.

थांबा: हवा असलेला मेजर तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात नसेल, तर "एक वर्ष काढू, मग बघू" असं करू नका. सांगली, मिरज, कराड, सातारा यांपैकी जिथे तो विषय मिळतो, तिथे एसटीचा पास काढून जा. पासावर सवलत मिळते, आणि वर्ष वाया जाण्यापेक्षा रोजचा तासाभराचा प्रवास परवडतो.

## टप्पा ३: पहिल्या वर्षात करून ठेवायची कामं

मार्कांबद्दल थोडक्यात. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल, तर एकही विषय राहता कामा नये, हे धरूनच चाला. आपल्या विद्यापीठात एटीकेटीवर, म्हणजे काही विषय राहूनही, पुढच्या वर्गात बसता येतं, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. पण रिकाम्या दोन जागांसाठी आठ अर्ज आले, तर एटीकेटीवाल्याचा अर्ज कोण उघडणार? पहिल्या सत्रात एखादा पेपर राहिलाच, तर तो सोडवेपर्यंत बदलीचा विचार बाजूला ठेवा.

आता कागद. यातलं पहिलं काम एबीसीचं, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं. डिजिलॉकरवरून हे खातं उघडतं आणि १२ अंकी क्रमांक मिळतो. अपार आयडी म्हणतात तो हाच क्रमांक. तुमचे क्रेडिट या खात्यात विद्यापीठ भरतं, तुम्हाला स्वतःला भरता येत नाहीत. त्यामुळे खातं उघडून गप्प बसायचं नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर महिन्या-दीड महिन्याने आत जाऊन क्रेडिट दिसतात का ते पाहायचं.

दिसत नसतील तर दहापैकी आठ वेळा कारण नावाचं असतं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे "राव" लागलेलं. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं असतात. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. नावाची दुरुस्ती निवांतपणे दिवाळीच्या सुट्टीत करून घ्या. जूनमध्ये आधार केंद्रावर रांग असते आणि तुमच्या हातात दिवस नसतात.

तपासा: आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पहिल्या सत्राची गुणपत्रिका, बँक पासबुक आणि डिजिलॉकर. पाचही ठिकाणचं नाव, अक्षर न् अक्षर, एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

दुसरं काम अभ्यासक्रमाच्या प्रतीचं. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, त्यावर क्रेडिट आणि तासांचा उल्लेख, आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. नवं कॉलेज जुळणी करताना हेच बघतं. प्रत फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या. मे महिन्यात विभागप्रमुख पेपर तपासणीला गेलेले असतात आणि सहीसाठी तुम्हाला चार हेलपाटे पडतात.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर यांची मुदत ३१ मार्चला संपते, तीही तारीख पाहून ठेवा. नव्या वर्षाचे दाखले एप्रिलमध्येच महा ई-सेवा केंद्रात टाका.

## टप्पा ४: जानेवारी ते एप्रिल, नव्या कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन या

फोनवर "जूनमध्ये या" एवढंच उत्तर मिळतं. मिरजेहून कोल्हापूर जेमतेम ५० किलोमीटर आहे, साताऱ्याहून पुणे ११०-११५. एक दिवस काढा आणि जा. सोबत पहिल्या सत्राची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची झेरॉक्स न्या. तिथे दोघांना भेटायचं, आधी विषयाच्या विभागप्रमुखांना आणि नंतर ऑफिसला. उलट केलंत तर ऑफिस तुम्हाला विभागाकडे पाठवतं आणि विभाग तोवर घरी गेलेला असतो.

विभागप्रमुखांना विचारायचं:

- गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला या विषयात बाहेरची मुलं घेतली होती का?
- माझ्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात काय कमी पडतं?
- कमी पडेल ते जादा पेपर देऊन भरून काढता येतं का, आणि ते कोणत्या सत्रात?

ऑफिसला विचारायचं:

- बाहेरच्या मुलांचे अर्ज कधीपासून कधीपर्यंत घेता?
- रिकामी जागा अनुदानित तुकडीतली की विनाअनुदानित?
- प्रवेश मिळाल्याचं लेखी पत्र देता का?

तुकडीचा प्रश्न सहसा कुणीच विचारत नाही, आणि घरच्यांना सगळ्यांत मोठा धक्का तिथेच बसतो. एकाच कॉलेजात, एकाच वर्गाच्या एका तुकडीची फी परवडणारी असते आणि शेजारच्या विनाअनुदानित तुकडीची फी तिच्या कितीतरी पट असते. दुसऱ्या वर्षी बाहेरून येणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा विनाअनुदानित तुकडीतली जागा येते. आकडा आधीच विचारा, वहीत लिहून आणा, घरी दाखवा.

हेही समजून घ्या की दुसऱ्या वर्षाच्या जागा नव्याने तयार होत नाहीत. कुणी सोडून गेलं, कुणी नापास झालं, तरच जागा रिकामी होते. कॉलेजच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांचा हक्क पहिला. म्हणून एकाच कॉलेजवर डोळा ठेवून बसणाऱ्याची निराशा होते. तीन ठिकाणी चौकशी करा आणि तिन्ही ठिकाणी अर्ज करा. यात गैर काही नाही.

## टप्पा ५: विषयांची जुळणी स्वतः कागदावर मांडा

अर्जासोबत ही मांडणी जोडणारा विद्यार्थी मी क्वचितच पाहिला आहे, आणि ज्यांनी जोडली त्यांचं काम झटपट झालेलं पाहिलं आहे.

कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे तुमच्या पहिल्या वर्षाचा प्रत्येक पेपर, त्याचा कोड, क्रेडिट आणि मिळालेली श्रेणी. उजवीकडे नव्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा त्याच जातीचा पेपर आणि त्याचे क्रेडिट. जिथे जोडीदार मिळत नाही, तिथे उजवीकडे "नाही" असं स्पष्ट लिहा.

समजा तुम्ही भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं आणि पुढे रसायनशास्त्र मेजर घ्यायचं आहे. रसायनाचे दोन्ही सत्रांचे थिअरी पेपर आणि प्रॅक्टिकल समोरच्या कॉलेजशी जुळले, तर मुख्य काम झालं. भाषा आणि भारतीय ज्ञान प्रणाली दोन्हीकडे असतात. कौशल्याचा विषय तुमच्याकडे पाणी परीक्षणाचा आणि तिकडे संगणकाचा असला, तरी क्रेडिट सारखे असतील तर बोलणं शक्य आहे. पण प्रॅक्टिकलचे क्रेडिट कमी असतील, तर ते लपवू नका. विज्ञानाचे विभाग याच गोष्टीवर काटेकोर असतात.

एकूण बेरीज दोन्हीकडे करा. तुमचे ४० आणि तिकडचे ४४ निघाले, तर चार क्रेडिट कसे भरून काढायचे ते अर्जातच विचारा.

थांबा: तिसऱ्या वर्षी बदलण्याचा विचार असेल, तर या मांडणीनंतर पुन्हा विचार करा. दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर पक्के होतात आणि पेपर इतके वेगळे पडतात की जुळणी फार अवघड जाते. तोवर थांबला असाल, तर पदवी इथेच पूर्ण करून तिसऱ्या वाटेने जाणं बरं.

## टप्पा ६: निकालानंतरचे दिवस, आणि कामांचा क्रम

दुसऱ्या सत्राचा निकाल लागला की घाई सुरू होते. आता पुढचा क्रम मोडायचा नाही.

१. ऑनलाइन निकालाची प्रिंट काढा आणि जुन्या कॉलेजात तिच्यावर सही-शिक्का घ्या. मूळ गुणपत्रिका यायला वेळ लागतो, तिची वाट पाहत बसू नका.

२. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्या कॉलेजात अर्ज द्या. सोबत गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि जुळणीचा कागद. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी "ठेवा इथे" म्हटलं तर नम्रपणे सांगा, "साहेब, पोच हवी होती."

३. दरम्यान जुन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घेऊन ठेवायचा की नाही, हा प्रश्न येतो. नव्या कॉलेजचं उत्तर येण्याआधी जुन्याची मुदत संपणार असेल, तर घेऊन ठेवा. प्रवेश रद्द केल्यावर फीपैकी किती परत मिळते, ते आधी विचारा. थोडे पैसे गेले तरी जागा हातात राहते.

४. नव्या कॉलेजकडून तात्पुरत्या प्रवेशाचं लेखी पत्र घ्या. त्यावर वर्ग, मेजर विषय आणि तुकडी लिहिलेली असावी.

५. ते पत्र घेऊन जुन्या कॉलेजात ना-हरकतीसाठी अर्ज करा. आधी नो ड्यूज पूर्ण करा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, एनसीसीचा गणवेश. ग्रंथालयाचं एक हरवलेलं पुस्तक चार दिवस खातं, म्हणून पुस्तकं परीक्षा संपताच परत करा.

६. ना-हरकत मिळाल्यावर, आणि नव्या कॉलेजने मागितल्यावरच, दाखला किंवा ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट (टीसी) काढा. काही कॉलेजं टीसी थेट जुन्या कॉलेजकडून मागवून घेतात. तसं असेल तर तुम्ही स्वतःहून काही काढू नका.

७. विद्यापीठ बदलत असेल तर आता मायग्रेशनचा, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज करा. हे कॉलेज देत नाही, जुनं विद्यापीठ देतं. त्याला पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), गुणपत्रिका आणि दाखल्याची प्रत लागते.

पहिल्या वाटेवरच्यांना सातवी पायरी नाही. विद्यापीठ तेच, त्यामुळे पीआरएनही तोच राहतो.

पाचवी आणि सहावी पायरी चौथीच्या आधी केली, तर लेखाच्या सुरुवातीला सांगितलं तेच घडतं. एकदा दाखला निघाला की त्या कॉलेजच्या लेखी तुम्ही तिथले विद्यार्थी उरत नाही. परत घेणं प्राचार्यांच्या हातात असलं तरी जागा आणि मुदत त्यांच्या हातात नसते. शिवाय मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर दुसरी प्रत काढायला प्रतिज्ञापत्रासारखे सोपस्कार करावे लागतात, आणि तिच्यावर दुय्यम प्रत असा शिक्का येतो.

तपासा: दाखला, टीसी, मायग्रेशन आणि गुणपत्रिका, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये एक स्वच्छ स्कॅन. मूळ कागद कुणाकडे दिला, कोणत्या तारखेला दिला, हे वहीत लिहा.

दाखला हातात पडताच खिडकीवरच वाचा. जन्मतारीख, जात, आईचं नाव, "शेवटचा वर्ग" आणि "सोडण्याचं कारण". कारणाच्या रकान्यात पुढील शिक्षणासाठी असं असावं. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर सव्वाशे किलोमीटरवरून यावं लागतं.

## टप्पा ७: शिष्यवृत्ती तुटू देऊ नका

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, पहिल्या वर्षाचा अर्ज ज्या कॉलेजच्या नावावर आहे, तो त्या कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून असतो. कॉलेज सोडलं तरी त्याची तपासणी जुन्या कॉलेजनेच करायची असते. म्हणून नो ड्यूजच्या दिवशीच शिष्यवृत्तीच्या लिपिकांना भेटा आणि अर्जाची स्थिती पडद्यावर पाहून घ्या. एखादी त्रुटी काढून अर्ज तुमच्याकडे परत आला असेल, तर ती त्याच दिवशी दूर करा.

नवा अर्ज भरताना जुन्याचं नूतनीकरण आपोआप उघडतं आणि त्यात जुनंच कॉलेज दिसतं. तसाच पुढे पाठवला, तर तो ज्या कॉलेजात तुम्ही नाही, तिथे जाऊन अडकतो. कॉलेज बदलल्याची नोंद कशी करायची, ते नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला विचारूनच अर्ज पाठवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही पाहा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे, म्हणजे शेतकरी आणि छोट्या नोकरदारांच्या बऱ्याच घरांना ती मिळू शकते. बदलीच्या धावपळीत तिच्यावर पाणी सोडू नका.

वसतिगृहाचंही इथेच सांगतो. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करायचा असेल, तर कॉलेजच्या प्रवेशपत्राची प्रत हातात येताच त्या दिवशी करा. कोल्हापुरात जुनी समाजांची बोर्डिंग आहेत, तिथे खर्च कमी पडतो आणि वातावरण अभ्यासाचं असतं. चौकशी मे महिन्यातच करा, कारण जुलैपर्यंत खोल्या भरतात.

## टप्पा ८: नव्या कॉलेजातले पहिले दोन महिने

वर्ग सुरू झाले, की सगळं झालं असं वाटतं. विद्यापीठ बदललेल्यांसाठी अजून एक मोठं काम बाकी असतं, पात्रतेचं. नव्या विद्यापीठाने तुमची पात्रता मान्य केल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. त्यासाठी पात्रतेचा फॉर्म, शुल्क आणि मूळ मायग्रेशन मुदतीत द्यावं लागतं. मुलं हे विसरतात. मग परीक्षेचा फॉर्म अडतो, किंवा परीक्षा होते आणि निकालासमोर गुणांऐवजी राखून ठेवल्याचा शेरा येतो. आमच्याकडून गेलेल्या एका मुलीचा तिसऱ्या सत्राचा निकाल असाच अडकला होता. तिचं मायग्रेशन तिच्याच बॅगेत होतं. ते द्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेचा फॉर्म भरताना तीन गोष्टी नीट पाहा. नाव, पीआरएन आणि विषयांचे कोड. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या फॉर्मवर मेजरच्या जागी मायनर पडल्याचं मी पाहिलं आहे. राहिलेले जादा पेपर द्यायचे ठरले असतील, तर ते याच फॉर्मवर येतात की वेगळ्या, हे लेखी विचारून घ्या.

एबीसीच्या खात्यात पुन्हा जा. जुन्या विद्यापीठाचे दोन्ही सत्रांचे क्रेडिट दिसायला हवेत. नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला आताच कळवा. तिथे अजून तुम्हाला ओळखणारी माणसं आहेत.

## पदवीनंतर विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी

तिसरी वाट घेणाऱ्यांना वरचं फार थोडं लागतं. तीन वर्षं घराजवळ नीट पूर्ण करा आणि शेवटच्या सत्रात विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे लक्ष ठेवा. विभागातल्या जागा परीक्षेवर आणि गुणवत्तेवर मिळतात, ओळखीच्या पत्रावर मिळत नाहीत. परीक्षेचा फॉर्म पदवीचा निकाल लागण्याआधीच सुटतो, आणि "निकाल आल्यावर भरू" म्हणणारे दरवर्षी मागे राहतात. केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते.

चौथं वर्ष करावं का, हा नवा प्रश्न आहे. चार वर्षांची ऑनर्स केली, तर पुढे एम.ए., एम.एस्सी. एका वर्षाचं होतं. संशोधनासह ऑनर्स करायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. माझं मत विचाराल, तर तालुक्याच्या कॉलेजात त्या विषयाची प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक नसेल, तर तीन वर्षांवर थांबा आणि दोन वर्षं विद्यापीठाच्या विभागात काढा. मोठं ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि तिथल्या शिक्षकांचा सहवास यांसाठीच तर आपण जातो.

## इंजिनिअरिंग आणि फार्मसी

इथे प्राचार्यांच्या पत्राने काही हलत नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी कॉलेज किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी मिळावं म्हणून जवळच्या कॉलेजात पहिलं वर्ष काढण्याचा बेत असेल, तर आधी त्या वर्षाचे राज्य पातळीवरचे नियम आणि माहितीपुस्तिका वाचा. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून जातो. तिथे विकल्प भरण्याची आणि जागा पक्की करण्याची तारीख चुकली, की ती फेरी गेली. बी.एस्सी.वाल्या मित्राचा अनुभव इथे लावू नका.

## पिशवीत काय असावं

कॉलेज बदलायला निघताना एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये हे ठेवा: दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, सही-शिक्क्याचा अभ्यासक्रम, जुळणीचा कागद, तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र, ना-हरकत, दाखला किंवा टीसी, लागत असेल तर मायग्रेशन, जातीचा दाखला, यंदाचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, एबीसीचा क्रमांक लिहिलेला कागद आणि दहा फोटो. फाइल पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा, एसटीच्या वरच्या रॅकवर नको. स्वारगेटला उतरायच्या घाईत फाइल गाडीतच राहिल्याचं मी दोनदा ऐकलं आहे, आणि त्यातली एकच परत मिळाली.